ब्रॉयलरच्या खाद्यात काय मिसळावं, किती आणि कशासाठी

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: पाच हजार ब्रॉयलर आहेत, खाद्य घरच्या चक्कीवर मका, सोयापेंड आणि तळणीचं वापरलेलं तेल घालून बनतं. त्यात एन्झाइम, टॉक्सिन बाइंडर (बुरशीचं विष धरून ठेवणारा पदार्थ) आणि लिव्हर टॉनिक असतं, पाण्यातून प्रोबायोटिक (उपयोगी जिवंत जिवाणू) आणि ॲसिडिफायर (पाणी आम्लधर्मी करणारा पदार्थ) दिलं जातं. तरीही ३५ व्या दिवशी सरासरी वजन १.८ किलो, एफसीआर (एक किलो वजनासाठी लागलेलं खाद्य, किलोत) १.८ आणि मरतूक ६ टक्के. मांसाला पाणी सुटतं आणि फ्रिजमध्ये दोन-तीन दिवसांत वास येतो, अशी घेणाऱ्यांची तक्रार आहे. आता आणखी कोणतं पूरक घालावं, आणि किती?

तूर्त एकही नवं पूरक आणू नका. आधी तुमचा उत्पादन निर्देशांक काढू. जगलेल्या पक्ष्यांच्या टक्केवारीला सरासरी वजनाने गुणायचं, वय आणि एफसीआर यांच्या गुणाकाराने भागायचं आणि उत्तराला १०० ने गुणायचं. तुमचा आकडा २६९ च्या आसपास येतो. त्याच वयाला २.१ किलो वजन, १.५५ एफसीआर आणि ९६ टक्के जगणूक असती तर तो ३७० च्या पुढे गेला असता. हे शंभर गुणांचं अंतर आहे. चांगलं पूरक, योग्य जागी वापरलं तर, वाढीत काही टक्क्यांची भर घालतं. एवढी मोठी गळती त्याने बुजत नाही. गळती कुठे आहे ते आधी शोधावं लागेल.

तुम्ही सातव्या दिवसाचं वजन लिहिलेलं नाही, आणि मी नेहमी पहिल्यांदा तेच विचारतो. ४२ ग्रॅमचं पिल्लू सात दिवसांत किमान चौपट, म्हणजे १७० ग्रॅमच्या आसपास व्हायला हवं; १९० झालं तर उत्तम. ते १४० वर अडकलं असेल तर पुढे काहीही घातलं तरी ३५ व्या दिवशी ती तूट दिसतेच, कारण आतड्याच्या आतल्या लव सर्वांत वेगाने वाढतात त्या याच दिवसांत. पिल्लं उतरवण्याआधी शेडमध्ये अंथरलेल्या तुसाचं तापमान हात लावून न बघता थर्मामीटरने बघा, ते ३० अंशांच्या वर हवं. चोवीस तासांनी शंभर पिल्लांच्या गळ्याखालची पिशवी बोटांनी चाचपा. पंच्याण्णव पिल्लांची पिशवी भरलेली आणि मऊ लागली पाहिजे. भरलेली पण कडक लागली तर दाणा मिळाला, पाणी नाही मिळालं. ही तपासणी फुकट आहे आणि मी पाहिलेल्या बहुतेक 'वाढ होत नाही' तक्रारींचं उत्तर तिथेच सापडलं आहे.

दुसरी जागा सोयापेंड. कच्ची राहिलेली पेंड पचत नाही, कारण तिच्यातला ट्रिप्सिन रोधक उष्णतेने मोडलेला नसतो. जास्त भाजलेली पेंड दिसायला छान तांबूस असते, पण तिच्यातलं लायसिन जळून गेलेलं असतं. युरिएज चाचणी कच्चेपणा सांगते आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडमधली विद्राव्यता जळकेपणा सांगते. ही विद्राव्यता ७८ ते ८५ टक्क्यांच्या दरम्यान असावी. विष्ठेत न पचलेलं खाद्य दिसतं म्हणून लोक प्रोटीएज, म्हणजे प्रथिनं फोडणारं एन्झाइम घालतात. पेंड कच्ची असेल तर एन्झाइमने ती भाजली जात नाही.

इथेच अमिनो आम्लांचा विषय येतो. मिथिओनिन, लायसिन, थ्रिओनिन ही पूरकंच आहेत, पण त्यांची जाहिरात फारशी होत नसल्यामुळे लोक त्यांना पूरक समजत नाहीत. छातीचं मांस किती भरेल हे लायसिनवर जितकं ठरतं तितकं कुठल्याही टॉनिकवर ठरत नाही. पचनीय लायसिन १०० धरलं तर मिथिओनिन आणि सिस्टिन मिळून ७५ च्या आसपास, थ्रिओनिन ६५ ते ६७. हे प्रमाण बिघडलं की उरलेली प्रथिनं पक्षी नायट्रोजन म्हणून बाहेर टाकतो, तूस ओलं होतं, अमोनिया वाढतो, आणि आपण पुन्हा अमोनियावरचं पूरक शोधायला निघतो. एक बारीक गोष्ट: डीएल-मिथिओनिनची पावडर ९९ टक्के असते, द्रवरूप हायड्रॉक्सी ॲनालॉग ८८ टक्के. एक बदलून दुसरं वापरताना वजनास वजन बदलू नका.

आता तुमच्या हातातल्या गोष्टी एकेक घेऊ.

एन्झाइमच्या पाकिटावर फायटेज असेल, तर ते पूरकांमधलं सर्वांत भरवशाचं आहे असं मी म्हणेन. मका आणि सोयातला सुमारे दोन तृतीयांश फॉस्फरस फायटेट नावाच्या संयुगात अडकलेला असतो आणि कोंबडीला तो स्वतःहून फारसा सोडवता येत नाही. किलोमागे ५०० युनिट फायटेज त्यातला बराच मोकळा करतं. पण तुमच्या फॉर्म्युल्यात डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट, फॉस्फरससाठी घालतात ते) पूर्वीइतकंच आहे! मग फायटेजने काय कमावलं? हिशेब सोपा आहे. फायटेजमुळे उपलब्ध फॉस्फरस ०.१२ टक्के मिळाला असं धरलं, तर टनामागे १.२ किलो फॉस्फरस झाला. डीसीपीत साधारण १८ टक्के फॉस्फरस असतो, म्हणजे टनामागे साडेसहा किलोंच्या आसपास डीसीपी कमी करता येतं. तुमच्या ब्रँडचा नेमका आकडा उत्पादकाच्या तक्त्यातून घ्या. कॅल्शियमचाही हिशेब त्याच वेळी करा. चुनखडी पावडर सढळ हाताने टाकली तर कॅल्शियम फायटेटला घट्ट बांधून ठेवतं आणि फायटेजच्या हाती काही लागत नाही. स्वस्त आहे म्हणून चुनखडीचं वजन वाढवणं ही घरच्या चक्कीवरची अगदी नेहमीची चूक आहे.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. खाद्य पेलेट करत, म्हणजे वाफ देऊन दाबून त्याच्या गोळ्या करत असाल आणि वाफेचं तापमान ८० ते ८५ अंशांवर जात असेल, तर आवरण नसलेलं साधं फायटेज तिथेच निकामी होतं. त्या भरवशावर डीसीपी कमी केलेलं असेल तर दोन आठवड्यांत पक्षी पायांवरून बसायला लागतात. त्यामुळे आधी तापमान मोजा, मग डीसीपी कापा. झायलॅनेज या दुसऱ्या एन्झाइमबद्दल एवढंच की गहू किंवा तत्सम चिकट धान्य असेल तर त्याचा फायदा ठळक दिसतो. निव्वळ मका-सोयाच्या खाद्यात तो लहान असतो.

प्रोबायोटिकवर जरा थांबतो, कारण तुम्ही पैसे सर्वांत जास्त वाया घालवत आहात ते इथे. पाण्यात क्लोरीन आहे, त्याच टाकीत ॲसिडिफायर आहे आणि त्यातच लॅक्टोबॅसिलसची पावडर. जिवंत जिवाणू विकत आणायचे आणि ते मारणाऱ्या पाण्यात सोडायचे, असा हा प्रकार झाला. १९७३ साली फिनलंडमध्ये नुर्मी आणि रंताला यांनी दाखवलं की मोठ्या कोंबडीच्या आतड्यातले जिवाणू नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाला दिले तर साल्मोनेला आतड्यात सहज तळ ठोकू शकत नाही. चांगले रहिवासी आधी आले की वाइटांना जागा उरत नाही. त्यातला 'आधी' हा शब्द सर्वांत मोलाचा. पहिल्या दिवसापासून दिलेलं प्रोबायोटिक विसाव्या दिवशी सुरू केलेल्यापेक्षा कितीतरी अधिक काम करतं.

तुमच्यासाठी माझी निवड बॅसिलस सबटिलिस किंवा लिचेनिफॉर्मिसची, आणि ती खाद्यातून. हे जिवाणू बीजाणूंच्या रूपात असतात, त्यामुळे पेलेटची उष्णता आणि साठवण दोन्ही सोसतात. खाद्याच्या दर किलोत १०० कोटी जिवंत बीजाणू पडतील असा हिशेब ठेवा. पाकिटावर ग्रॅममागे किती आहेत ते वाचा आणि गुणाकार स्वतः करा. 'टनाला इतके ग्रॅम' हा सल्ला विक्रेत्याचा असतो, गुणाकार तुमचा असतो. मॅननचं पूरक, म्हणजे यीस्टची पेशीभित्तिका, वेगळ्या वाटेने काम करतं: ई. कोलाय आणि साल्मोनेलाचे काही प्रकार आतड्याच्या भिंतीऐवजी त्याला चिकटतात आणि विष्ठेवाटे निघून जातात. ते जिवंत नसल्याने क्लोरीनची भीती नाही.

ॲसिडिफायर पाण्यात ठेवायचं तर प्रोबायोटिक खाद्यात हलवल्यावर ठेवा. पाण्याचा सामू ४ च्या खाली नेऊ नका, पक्षी पाणी कमी पितात, आणि पाणी कमी प्यायलेला पक्षी दाणाही कमी खातो. नळ्यांमध्ये जुना चिकट थर असेल तर आम्लाने तो सुटून निपल तुंबतात, म्हणून शेड रिकामं असतानाच नळ्या धुवून घ्या. आतड्यासाठी आम्ल हवं असेल तर आवरण दिलेलं ब्युटिरेट खाद्यातून द्यावं. ब्युटिरेट हे आतड्याच्या पेशींचं इंधन आहे. आवरण नसेल तर ते वरच्या भागातच संपून जातं.

टॉक्सिन बाइंडर तुम्ही बारा महिने देता. बेंटोनाइटसारखी माती अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष चांगलं धरते, यात शंका नाही. पण टी-२ किंवा डॉन या फ्युजेरियम बुरशीच्या विषांवर तिचा फारसा जोर चालत नाही. पक्ष्याच्या तोंडात, चोचीच्या कडेला पिवळट चट्टे दिसत असतील तर ती टी-२ ची खूण असू शकते, आणि तिथे मातीची मात्रा दुप्पट करून उपयोग नाही. जास्त मात्रेत माती काही औषधंही धरून ठेवते. खरा उपाय मका घेताना आहे. ओलावा १४ टक्क्यांच्या वर असलेला मका गोदामात घेऊ नका. ओलावामापक नसेल तर आधी तो घ्या, मग बाइंडर.

लिव्हर टॉनिक थांबवा. यकृत पिवळं, ठिसूळ दिसत असेल तर त्याचं कारण मक्यातली बुरशी, खवट तेल किंवा कोलिनची कमतरता यांत शोधा. कोलिन क्लोराइडवरून आठवलं: ते ओलावा ओढतं, म्हणून जीवनसत्त्वांच्या प्रीमिक्समध्ये मिसळून साठवू नका, जीवनसत्त्वं नासतात. खाद्य बनवताना वेगळं टाका. ओरेगॅनो, थाइम, दालचिनी यांच्या तेलांची पूरकं वाईट नाहीत. कार्वाक्रॉल आणि थायमॉल प्रयोगशाळेत जिवाणूंवर काम करतात हे खरं आहे, पण वनस्पतीची जात आणि काढणीनुसार त्यांचं प्रमाण फार बदलतं. ज्या पाकिटावर सक्रिय घटकाचं प्रमाण छापलेलं नाही ते मी घेत नाही.

एक गोष्ट तुमच्या यादीत नाही आणि ती मला खटकली: कॉक्सिडिओसिसवर, म्हणजे कॉक्सिडिया या आतड्यातल्या परजीवींच्या रोगावर, काय देता? वर सांगितलेलं एकही पूरक ते काम करत नाही. लालसर विष्ठा दिसायच्या कितीतरी आधी कॉक्सिडिया आतड्याची भिंत सोलून ठेवतात, वजन थांबतं, एफसीआर चढतो, आणि त्या जखमांमध्ये क्लॉस्ट्रिडियम हा जिवाणू शिरतो. तुमचा १.८ चा एफसीआर पाहून माझा पहिला संशय तिथे जातो. चौथ्या आठवड्यात चार-पाच पक्षी पशुवैद्यकांकडून उघडून बघा.

पण इथे हात फार जपून चालवा. कॉक्सिडिया रोखायला खाद्यात घालायची औषधं, म्हणजे कॉक्सिडिओस्टॅट, यांपैकी सॅलिनोमायसिन किलोमागे ६० मिलिग्रॅम आणि मोनेन्सिन १०० ते १२० मिलिग्रॅम चालतं, त्यातही दोन्ही एकत्र कधीच नाहीत. योग्य मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर थोडं आहे. हे खाद्य घोड्याच्या तोंडी गेलं तर जीव जाऊ शकतो, टर्कीलाही सॅलिनोमायसिन चालत नाही. आणि श्वसनाच्या आजारावर दिलं जाणारं टियाम्युलिन या दोघांबरोबर कधीही देऊ नका. अनेक वर्षांपूर्वी मी एका शेडवर पोहोचलो तेव्हा पक्षी पाय मागे ताणून पोटावर पडलेले होते. खाद्यात सॅलिनोमायसिन होतं, पाण्यातून टियाम्युलिन सुरू केलं होतं, आणि देणाऱ्याला खाद्यात काय आहे ते कुणी सांगितलं नव्हतं. ते दृश्य अजून डोळ्यांसमोरून जात नाही. खाद्याच्या प्रत्येक बॅचमध्ये काय घातलं हे कागदावर लिहून शेडच्या दारावर लावा. औषध कत्तलीआधी किती दिवस बंद करायचं, हेही त्याच कागदावर.

अँटिबायोटिक थोड्या मात्रेत वाढीसाठी द्यावं का, हेही तुम्ही विचारलंय. देऊ नये. त्याने वजन वाढतं हे खोटं नाही. १९४० च्या दशकाच्या अखेरीस ज्यूक्स आणि स्टोकस्टॅड बी-१२ जीवनसत्त्वाचा स्रोत शोधत असताना क्लोरटेट्रासायक्लिनच्या उरलेल्या गाळावर पिल्लं जास्त वाढलेली दिसली, तिथून ही पद्धत जगभर गेली. पण रोज थोडं अँटिबायोटिक म्हणजे प्रतिकार करणारे जिवाणू रोज निवडून वाढवणं, आणि ते जिवाणू शेडच्या भिंतीत राहत नाहीत, माणसांपर्यंत येतात. स्वीडनने १९८६ मध्ये हा वापर थांबवला, संपूर्ण युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून. सुरुवातीला तिथे आतड्याचे आजार वाढले. जे सावरले ते हवा, तूस, पाणी आणि खाद्य सुधारून सावरले.

आता मांसाची प्रत. वाढ आणि मांसाची प्रत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची पूरकंही वेगळी आहेत. तुमच्या दोन तक्रारींची कारणंसुद्धा दोन आहेत.

वास येतो तो मुख्यतः तेलामुळे. कोंबडीच्या अंगातली चरबी तिने खाल्लेल्या चरबीसारखी बनते. वारंवार तापवलेलं, ऑक्सिडाइझ झालेलं तेल खाद्यात गेलं की पक्ष्याच्या शरीरातलं ई जीवनसत्त्व त्याला तोंड देण्यातच संपतं, आणि कापल्यावर मांसातली चरबी खवट होण्यापासून वाचवायला काही उरत नाही. तळणीचं तेल आजपासून बंद करा. ताजं तेल थोडं घ्या, त्यात अँटिऑक्सिडंट असू द्या, बंद पिंपात सावलीत ठेवा. मासळीची कुटी वापरत असाल तर शेवटचे दोन आठवडे नको.

त्यानंतर ई जीवनसत्त्व. मांसाच्या प्रतीसाठी पैसे खर्चायचेच असतील तर मी ते इथे खर्चेन. वाढीपुरती गरज लहान असते. मांस टिकण्यासाठी खाद्यात किलोमागे १०० ते २०० मिलिग्रॅम लागतं, आणि शेवटचे तीन-चार आठवडे सलग. बाजारातली पावडर बहुधा ५० टक्क्यांची असते, म्हणजे १०० मिलिग्रॅमसाठी टनाला २०० ग्रॅम पावडर. ई जीवनसत्त्व पेशींच्या पटलात जाऊन बसतं आणि तिथेच चरबीचं ऑक्सिडेशन अडवतं. त्यासाठी वेळ लागतो, म्हणून शेवटच्या दोन दिवसांत पाण्यातून भरपूर देऊन ते साधत नाही. जोडीला यीस्टमधलं सेंद्रिय सेलेनियम: २००० पीपीएमचं उत्पादन टनाला १०० ग्रॅम घातलं की किलोमागे ०.२ मिलिग्रॅम मिळतं. प्रीमिक्समध्ये आधीच सेलेनियम असतं ते मोजून एकूण ०.३ च्या आसपास राहा. सेलेनियम जास्त झालं तर विष आहे, 'थोडं जास्त बरं' हा नियम इथे लावू नका.

पाणी सुटण्याचं कारण शेवटच्या बारा तासांत शोधा. पकडताना धावपळ, उन्हात उभी गाडी, फडफड झाली की स्नायूतली साखर झपाट्याने आम्लात बदलते. मांस गरम असतानाच सामू उतरला की प्रथिनांची पाणी धरण्याची ताकद जाते, मांस फिकट आणि मऊ पडतं. दाणा आठ ते बारा तास आधी काढा, पाणी पकडेपर्यंत चालू ठेवा, पकडायचं काम अंधारात करा आणि कापल्यावर मांस लवकर थंड होऊ द्या. ई जीवनसत्त्वाने थोडी मदत होते, पण तापलेल्या गाडीची भरपाई होत नाही.

उष्णतेच्या दिवसांत पक्षी धापा टाकतो, त्यात कार्बन डायऑक्साइड उडून रक्त अल्कधर्मी होतं. तेव्हा मिठाचा काही भाग काढून खाण्याचा सोडा टनाला दोन किलोपर्यंत, सोडियमचा एकूण हिशेब सांभाळून. बीटेन टनाला एक किलो. आणि सी जीवनसत्त्व किलोमागे २०० ते २५० मिलिग्रॅम. कोंबडी सी जीवनसत्त्व स्वतः बनवते, पण उष्णतेत ते पुरत नाही. छातीचं मांस लाकडासारखं घट्ट लागणं किंवा त्यावर पांढऱ्या रेघा दिसणं ही वेगळी व्यथा आहे. ती वेगवान वाढीशी बांधलेली आहे आणि ती पूर्णपणे घालवणारं पूरक नाही. वाढीचा वेग मधल्या आठवड्यात थोडा आवरला तर प्रमाण कमी होतं.

हे सगळं मिसळणार कसं, तेही बघा. टनाला १०० ग्रॅमची वस्तू थेट मिक्सरमध्ये टाकली तर काही पक्ष्यांना दसपट आणि काहींना शून्य मिळेल. आधी एक किलो मक्याच्या भुकटीत, मग दहा किलोंत, मग मिक्सरमध्ये. मिक्सर भरल्यावर दहा जागचे नमुने काढून त्यांतलं मीठ तपासून घ्या. नमुन्यांतली तफावत १० टक्क्यांच्या आत असली पाहिजे. कॉक्सिडिओस्टॅट घालणार असाल तर ही चाचणी झाल्याशिवाय घालू नका.

पुढच्या लॉटला क्रम असा ठेवा: तेल बदला, पेंड तपासा, प्रोबायोटिक खाद्यात आणा, फायटेजप्रमाणे डीसीपी आणि चुनखडी जुळवा, कॉक्सिडिओसिसची व्यवस्था पशुवैद्यकांच्या सल्ल्याने करा. पक्षी त्यावर स्थिरावले की त्याच्या पुढच्या लॉटला शेडमध्ये जाळी लावून दोन भाग करा. दोन्ही भागांत एकाच हॅचरीची, सारख्या वजनाची पिल्लं. खाद्याची पोती वेगवेगळ्या रंगाच्या दोरीने बांधलेली. फरक फक्त एका पूरकाचा. ७, १४, २१, २८ आणि ३५ व्या दिवशी प्रत्येक भागातले किमान शंभर पक्षी तोला, खाल्लेलं खाद्य आणि मेलेल्या पक्ष्यांचं वजनही लिहा. भाग अदलाबदल करून हेच आणखी दोन लॉट करा, कारण पंख्याजवळचा भाग नेहमीच थोडा जास्त वाढतो आणि ते श्रेय पूरकाला मिळायला नको. सातव्या दिवसाचं वजन आणि पेंडेचा अहवाल हाती आला की दोन्ही मला कळवा, फॉर्म्युला आपण त्यावर बसवू.